हातच्याची वजाबाकी आणि आमची घरची शाळा

मोठी तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. शाळा बंद होत्या, वर्ग स्क्रीनवर चालायचा आणि मी शेजारी माझं काम घेऊन बसायचे, एक कान तिच्याकडे. त्या दिवशी हातच्याची वजाबाकी चालली होती, ५२ वजा २७. तिने वहीत उत्तर लिहिलं ३५. म्हणजे काय केलं तर सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, वरचा कुठला खालचा कुठला काही नाही, मोठ्यातून लहान वजा करायचा एवढंच तिला कळलेलं. मग बाईंनी फळ्यावर २५ लिहिलं. हिने शांतपणे खोडरबर घेतलं, तीन खोडला, दोन केला, आणि बाईंनी "सगळ्यांचं बरोबर आलं का?" विचारल्यावर सगळ्यांसारखा हात वर केला.

मला बाईंचा राग नाही आला. त्या खरंच मन लावून शिकवायच्या. पण त्यांच्यासमोर चाळीस चौकोनांत चाळीस मुलं होती आणि सगळ्यांचे हात वर होते, त्यांना कसं कळणार की यातल्या एकीने आत्ता उत्तर खोडलंय. मी शेजारी बसले होते म्हणून मला दिसलं. रात्री तिच्या जुन्या वह्या काढून बघितल्या तर पानोपानी तेच. खोडलेलं, त्यावर बरोबर उत्तर, आणि शेजारी बरोबरची खूण.

दुसऱ्या दिवशी काड्या घेतल्या, दहादहाचे गठ्ठे बांधले रबर लावून. "५२ काढून दाखव" म्हटलं तर ती एकेक काडी मोजायला लागली, एक दोन तीन करत. गठ्ठ्यांना हातच लावला नाही. म्हणजे अडलं होतं ते तिसरीच्या वजाबाकीत नव्हतंच, पहिलीतल्या एकक-दशकात अडलं होतं, आणि त्यावर दोन वर्षं वरचे मजले चढवले गेले होते. आम्ही पहिलीपासून सुरुवात केली. रोज वीस मिनिटं, जवळजवळ तीन आठवडे. एका सकाळी तिनेच एका गठ्ठ्याचं रबर काढलं, दहा काड्या सुट्या केल्या आणि म्हणाली, "अगं, म्हणजे हातचा घेतात म्हणजे हे करतात होय!" तो आवाज मला अजून ऐकू येतो.

आज होमस्कूलिंगबद्दल लिहायचं ठरवलं तर हेच आधी आठवलं, कारण आम्ही शाळा सोडण्याचा निर्णय कुठलं तत्त्वज्ञान वाचून घेतला नव्हता, त्या खोडरबरामुळे घेतला. गेली पाच वर्षं मोठी घरी शिकतेय, धाकटा तर शाळेत गेलाच नाही. मला सारखं विचारलं जातं की फायदा काय झाला, आणि माझं उत्तर इतक्या वर्षांत एका शब्दावर आलंय. वेळ. मागे जायला वेळ, थांबायला वेळ, एखाद्या गोष्टीत बुडून जायला वेळ. बाकीचे सगळे फायदे त्यातूनच निघतात असं मला वाटतं.

साधा हिशोब करा ना. चाळीस मिनिटांचा तास, चाळीस मुलं. बाईंनी दुसरं काहीही केलं नाही, नुसतं प्रत्येकाकडे बघायचं म्हटलं तरी वाट्याला एक मिनिट. त्यात हजेरी आहे, वह्या काढा आहे, "शांत बसा" आहे, फळ्यावरचं उतरवून घेणं आहे. म्हणून लोक जेव्हा आश्चर्याने विचारतात की तुमचा अभ्यास दिवसाला दोन-अडीच तासांतच कसा होतो, शाळा तर सहा-सात तास असते, तेव्हा मी हाच हिशोब सांगते. आम्ही काही जोरात पळत नाही. आमच्याकडे वाट बघणं नाही, एवढंच. ज्याला कळलं तो पुढे जातो, ज्याला नाही कळलं तो तिथेच बसतो आणि त्याच्यामुळे कोणाचं अडत नाही.

बेंजामिन ब्लूम नावाचे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ होते, त्यांनी १९८४ साली एक लेख लिहिला होता जो आजही खूप ठिकाणी चर्चेला येतो. त्यांचं म्हणणं असं, की जी मुलं एकेकटी शिक्षकाजवळ बसून शिकली, आणि कळल्याशिवाय पुढे गेली नाहीत, त्यांच्यातला सरासरी मुलगा नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे होता. नंतरच्या अभ्यासांत इतका मोठा फरक दिसला नाही, तेही सांगायला हवं, पण एकाला एक शिकवण्याचा फायदा होतो हे मात्र पुन्हा पुन्हा दिसलंय. ब्लूमना प्रश्न पडला होता की हे सगळ्या मुलांना कसं देणार, प्रत्येक मुलाला एक शिक्षक कुठल्या समाजाला परवडणार. त्यांचा प्रश्न रास्तच आहे. पण एका घरात, एका किंवा दोन मुलांपुरतं, ते जमू शकतं. आणि त्यासाठी आईबाप फार हुशार असायला लागतात असंही नाही, शेजारी बसायला लागतं.

आता हे फॅड आहे का, हा दुसरा प्रश्न. मुलांनी घरी शिकणं जुनंच आहे, सक्तीची शाळा त्यामानाने नवी. अमेरिकेत शाळा सक्तीची करणारं पहिलं राज्य मॅसॅच्युसेट्स, साल १८५२. म्हणजे माणसाच्या इतिहासात हे कालपरवाचंच म्हणायचं. सक्तीच्या शाळेने खूप भलं केलं, मुलं कामावरून वर्गात आली, मुली शिकल्या, ते कोणी नाकारू नये, मीही नाकारत नाही. पण आजच्या अर्थाने होमस्कूलिंग, म्हणजे शाळा उपलब्ध असताना जाणूनबुजून घरी शिकणं, ही चळवळ १९७०च्या दशकातली. जॉन होल्ट हे त्यातलं मोठं नाव. हे गृहस्थ स्वतः पाचवीचे शिक्षक होते, आणि वर्गात मुलं नेमकं काय करतात ते बारकाईने लिहून ठेवायचे. त्यांना दिसलं की बरीचशी मुलं गणित सोडवत नसतात, शिक्षकाच्या चेहऱ्याकडे बघून उत्तराचा अंदाज घेत असतात. (मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते, कारण मला आमचं खोडरबर दिसलं.) होल्टनी आधी बरीच वर्षं शाळा सुधारा म्हणून प्रयत्न केले, मग ती आशा सोडली आणि १९७७ मध्ये घरी शिकणाऱ्या कुटुंबांसाठी एक छोटं नियतकालिक काढलं. अनस्कूलिंग, म्हणजे ठरलेला अभ्यासक्रम न ठेवता मुलाच्या कुतूहलामागे जात शिकणं, हा शब्द त्यांचाच. गंमत म्हणजे त्याच काळात, अगदी वेगळ्या धार्मिक विचारांचे रेमंड आणि डोरोथी मूर हे जोडपं सांगत होतं की लहान मुलांना फार लवकर शाळेत घालू नका. मुक्त विचारांचे लोक आणि धार्मिक लोक, एरवी ज्यांचं एकमेकांशी पटलं नसतं, ते या एका गोष्टीत एका बाजूला आले.

तरी कायद्याने ते सोपं नव्हतं. कितीतरी आईबापांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, आणि अमेरिकेच्या सगळ्या ५० राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर व्हायला १९९३ साल उजाडलं. मग आकडे वाढत गेले. १९९९ मध्ये तिथल्या सरकारी पाहणीत साधारण साडेआठ लाख मुलं घरी शिकत होती, २०१६ पर्यंत ती १७ लाखांच्या आसपास गेली. आणि मग २०२० आलं. युनेस्कोच्या हिशोबाने त्या एप्रिलमध्ये जगभरात दीडशे कोटींच्या वर मुलं शाळेबाहेर होती. बहुतेकांनी वाट बघितली आणि शाळा उघडल्यावर परत गेली. पण काही घरांत आमच्यासारखं झालं, म्हणजे आईबापांनी पहिल्यांदाच मुलाला शिकताना जवळून बघितलं. अमेरिकन जनगणना खात्याच्या पाहणीत त्या वसंतात शाळकरी मुलं असलेली ५.४ टक्के घरं होमस्कूलिंग करतो म्हणाली होती, शरद ऋतूत तोच आकडा ११.१ टक्के झाला, आणि हे शाळेचे ऑनलाइन वर्ग वगळून. कृष्णवर्णीय घरांत तर ३.३ वरून १६.१. म्हणजे होमस्कूलिंग फक्त एका प्रकारच्या, एका रंगाच्या, एका धर्माच्या लोकांचं असतं ही समजूत तिथेच मोडली. इंग्लंडमध्ये २०२४ च्या शरद ऋतूतल्या सरकारी मोजणीत घरी शिकणाऱ्या मुलांचा आकडा १ लाख ११ हजारांच्या वर होता, आणि घरच्यांनी दिलेल्या कारणांत मुलांचं मानसिक आरोग्य हे एक मोठं कारण होतं. तो आकडा वाचून मला आनंद नाही झाला. काही घरांनी होमस्कूलिंग प्रेमाने निवडलेलं असतं, काहींना दुसरा मार्गच उरलेला नसतो, आणि दोन्ही एकाच रकान्यात मोजले जातात.

कायदा देशोदेशी इतका वेगळा आहे की निर्णयाआधी पहिलं काम तेच, आपल्याकडे काय चालतं ते नीट बघणं. इंग्लंडच्या १९४४ च्या कायद्यात मुलाला शाळेत पाठवून "किंवा अन्य प्रकारे" शिक्षण द्यावं असे शब्द होते, त्या दोन-तीन शब्दांवर तिथली सगळी होमस्कूलिंग चळवळ उभी आहे. जर्मनीत मात्र जवळजवळ पूर्ण बंदी, आणि २०१९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही एका कुटुंबाच्या खटल्यात जर्मनीच्याच बाजूने निकाल दिला. स्वीडनने २०१० च्या कायद्याने दार जवळजवळ लावूनच टाकलं, तिथली काही कुटुंबं फिनलंडच्या आलांड बेटांवर राहायला गेली. फ्रान्समध्ये १८८२ पासून घरी शिकवायला मुभा होती, नुसतं कळवलं की झालं, आता २०२२ पासून आधी परवानगी घ्यावी लागते. आणि भारतात परीक्षेचा प्रश्न येतो तिथे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून आहे, शाळेत न जाता दहावी-बारावी देता येते. खाजगी परीक्षार्थी म्हणून केंब्रिजच्या परीक्षा तर अनेक देशांत देता येतात. त्यामुळे "सर्टिफिकेटचं काय" हा प्रश्न लोकांना वाटतो तेवढा अवघड नाही, फक्त वेळेवर चौकशी करावी लागते, वयाच्या अटी असतात, विषय आधी निवडावे लागतात.

आमची सुरुवात मात्र चुकीची झाली आणि ते मी मुद्दाम लिहितेय कारण बहुतेकांची तशीच होते. मी घरात शाळाच मांडली. नऊला गणित, पावणेदहाला भाषा, फळा, घंटा नाही पण मोबाइलचा अलार्म. दीड महिन्यात आम्ही दोघी थकलो, ती रडायची आणि मी चिडायची. मग एका अनुभवी आईने मला सांगितलं की आधी काही दिवस काहीच करू नका. होमस्कूलिंगवाल्यांत याला डीस्कूलिंग म्हणतात, आणि सर्रास सांगितला जाणारा ठोकताळा असा, की जितकी वर्षं शाळा झाली तितके महिने मोकळे सोडा. ते महिने फार जड जातात. मूल नुसतं लोळतंय, छताकडे बघतंय, आणि आपल्या पोटात गोळा. पण साधारण तिसऱ्या महिन्यात ती आपणहून एक बंद पडलेला रेडिओ घेऊन बसली, स्क्रू काढले, आतल्या सगळ्या भागांची चित्रं काढली, आणि मग एका संध्याकाळी विचारलं की आवाज हवेतून कसा येतो. त्या एका प्रश्नावर आमचे सहा आठवडे गेले. तरंग, चुंबक, विजेचं मंडल, मार्कोनी, मग कुठूनतरी ऑस्ट्रेलियाची रेडिओवरची शाळा सापडली, १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्जमधून सुरू झालेली, जिथे शेकडो किलोमीटर दूर एकाकी वस्त्यांवरची मुलं दुतर्फी रेडिओवरून बाईंशी बोलायची. ती इतकी हरखली होती की नकाशा काढून त्यावर अंतरं मोजत बसली, आणि अंतरं मोजायची म्हणजे प्रमाण आलं, प्रमाण म्हणजे गुणोत्तर आलं. मी काहीही शिकवलं नव्हतं. मी फक्त "चला आता भाषेचा तास" असं म्हणाले नाही.

मी वेळ म्हणते ती ही. शाळेत तास संपतो म्हणून कुतूहलही तिथेच थांबवावं लागतं, त्याला इलाज नाही, पुढच्या विषयाचे शिक्षक दारात उभे असतात. घरी थांबवावं लागत नाही.

झोपेचं पण सांगते, कारण हा फायदा कोणी मोजत नाही. किशोरवयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, मुलांना रात्री उशिरा झोप येते, आळस म्हणून नाही, तशी शरीराची रचनाच होत असते. आठ ते दहा तास झोप लागते त्यांना. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलं की या वयाच्या मुलांची शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरू नये. किती शाळांनी ऐकलं ते आपण बघतोच. मोठी आता तेरा वर्षांची आहे, नऊ तास झोपते आणि साडेनऊला गणिताला बसते, टक्क जागी. हे एवढंसं वाटतं, पण घरातली चिडचिड निम्मी झाली ती यानेच.

धाकट्याची तऱ्हा वेगळी. तो सात वर्षांचा होईपर्यंत वाचायला तयारच नव्हता. अक्षरं यायची, जोडायचा कंटाळा. मी आतून घाबरले होते, ते लपवत नाही. पण त्याला ऐकायला आवडायचं, आणि तिथे मला शार्लट मेसन या इंग्रज शिक्षिकेची पद्धत उपयोगी पडली. या बाई १८४२ ते १९२३ या काळातल्या, आणि घरी शिकवणाऱ्या आयांसाठी त्यांनी १८८० च्या दशकातच लिहून ठेवलंय. त्यांची युक्ती अगदी साधी. मुलाला चांगलं काहीतरी एकदाच वाचून दाखवायचं, आणि मग म्हणायचं, आता तू सांग. प्रश्न विचारायचे नाहीत, चुका काढायच्या नाहीत, मधे बोलायचं नाही. आमच्याकडे आजी वाचून दाखवायच्या आणि तो सांगायचा. सुरुवातीला दोन वाक्यं, "एक राजा होता आणि मग तो मेला." सहा महिन्यांनी तोच मुलगा दहा मिनिटं न थांबता सांगायला लागला, आजींचे शब्द उचलून, त्यांच्याच लकबीत, "तेवढ्यात काय झालं" वगैरे म्हणत. साडेसात वर्षांचा असताना एक दिवस तो बहिणीच्या खांद्यावरून तिचं पुस्तक वाचायला लागला. शाळेत असता तर दीड वर्ष तो मागे पडलेला मुलगा असता, त्याला तसं सांगितलं गेलं असतं, आणि त्याने ते खरं मानलं असतं. इथे त्याला पत्ताच नाही की तो उशिरा वाचायला लागला.

(मूल उशिरा वाचतंय म्हणून नेहमीच नुसतं थांबावं असं मात्र मी म्हणणार नाही. डोळे, कान, आणि वाचन-अक्षमता म्हणजे डिस्लेक्सिया, हे तपासून घ्यायलाच हवं. आम्ही तपासून घेतलं आणि मगच थांबलो. घरी शिकणाऱ्या मुलाला बाहेरची नजर कमी मिळते, ही आपल्या मार्गातली खरी उणीव आहे आणि ती आपणच भरून काढायची असते.)

अपूर्णांकांचं एक सांगायचं राहिलं. मोठी शाळेतून बाहेर पडली तेव्हा एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा म्हणायची, कारण आठ मोठा. तीच मुलगी रोज पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच बिनचूक बोलत होती! आपल्या भाषेत हे शब्द किती सहज आहेत, सव्वा तीन म्हटलं की मुलाला कळतं की तीनाच्या थोडं पुढे. आम्ही कागदाच्या पट्ट्या दुमडल्या, अर्धी, तिची अर्धी म्हणजे पाव, पावाची अर्धी म्हणजे आठवा भाग, आणि पट्ट्या एकावर एक ठेवल्या. तासाभरात झालं. अंश आणि छेद हे शब्द नंतर आले, आधी गोष्ट कळली. घरी शिकवताना आपली भाषा अशी मदतीला येते, कारण घरात आपण पुस्तकी बोलत नाही.

आता तो प्रश्न, जो लग्नात, प्रवासात, दवाखान्यात, सगळीकडे विचारला जातो. मुलं एकलकोंडी नाही का होणार? मी पूर्वी यावर वाद घालायचे. आता सरळ सांगते की हो, होऊ शकतात, जर तुम्ही घरात कोंडून ठेवलं तर. मैत्री शाळेत आपोआप हाताशी येते, इथे तिच्यासाठी आपल्याला हातपाय हलवावे लागतात. आमची मोठी पोहायला जाते, वाचनालयात दर आठवड्याला लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवते, आणखी चार होमस्कूलिंग कुटुंबांबरोबर आमचा आठवड्यातून एक पूर्ण दिवस असतो. त्यात पाच वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची मुलं एकत्र असतात, मोठी लहानांना सांभाळतात, लहान मोठ्यांचं बघून शिकतात. वर्गात मात्र सगळी एकाच वयाची, आणि आयुष्यात नंतर कधी आपण फक्त आपल्याच वयाच्या लोकांबरोबर असतो का? पण एकदा असंही झालं की सलग तीन महिने तिला जवळची म्हणावी अशी एकही मैत्रीण नव्हती, आणि ती संध्याकाळी खिडकीशी उभी राहायची. ते दिवस मला अजून बोचतात. तेव्हा मी धावपळ केली, पण उशिरा केली.

दुसरा प्रश्न, वरच्या वर्गाचं तुम्हाला कसं येणार. नाही येत. बीजगणित मला आठवत नव्हतं, मी तिच्याबरोबर परत शिकले. ऑनलाइन साधनं आता इतकी आहेत, खान ॲकॅडमी आहे, मुलांना प्रोग्रामिंगसाठी एमआयटीत तयार झालेलं स्क्रॅच आहे, दोन्ही फुकट. जिथे माणूसच हवा तिथे माणूस शोधला. एक निवृत्त शिक्षक आठवड्यातून दोनदा तिला भूमिती शिकवतात आणि म्हणतात की आयुष्यात पहिल्यांदा पोर्शन संपवायची घाई नाहीये. आणि खरं सांगू का, आईला एखादी गोष्ट येत नाही, ती बसून चुका करत करत शिकते, हे मुलांनी रोज बघणं हा मला मोठा फायदा वाटतो.

होमस्कूलिंगवाले बरेचदा थोरामोठ्यांची नावं घेतात. एडिसन काही महिनेच शाळेत गेले आणि आईने शिकवलं, रवींद्रनाथांना शाळा सोसली नाही आणि ते बरंचसं घरीच शिकले, एरिक डिमेन वडिलांबरोबर फिरत घरी शिकले आणि वयाच्या विसाव्या वर्षी एमआयटीत प्राध्यापक झाले. ही सगळी खरी उदाहरणं आहेत, पण मला ती पटवून देण्यासाठी वापरायला आवडत नाहीत. असामान्य माणसं कुठेही वाढतात. तसंच होमस्कूलिंगची मुलं परीक्षेत पुढे असतात असे अभ्यासही दाखवले जातात, त्यात बहुतेक वेळा आपणहून पुढे आलेली कुटुंबंच मोजलेली असतात, शिकलेली, सवड असलेली. त्यांची मुलं शाळेतही बरी निघाली असती. त्यामुळे मार्कांसाठी हे करायचं असेल तर मी कोणाला सांगणार नाही की करा. माझी मुलगी साधी आहे, मुलगा साधा आहे, आणि साध्या मुलांनाही नीट कळेपर्यंत थांबणारं कोणीतरी मिळायला हवं, माझं म्हणणं एवढंच आहे.

याची किंमत असते. मी पूर्ण वेळ नोकरी सोडली, आता अर्धवेळ काम करते, नवरा सकाळचे दोन तास मुलांबरोबर असतो आणि मग कामाला बसतो. घरात पैसे कमी येतात. दिवसभर मुलं समोर असतात, आणि एखाद्या दिवशी स्वतःचा असा अर्धा तासही मिळत नाही. बहुतेक घरांत हे ओझं आईवर पडतं आणि तिला कोणी विचारत नाही. म्हणून मी नेहमी सांगते की दोघांचं एकमत नसेल तर सुरू करू नका, आणि आईने एकटीने तर मुळीच नको. ज्या घरात रोज भांडणं आहेत, किंवा मूल शाळेत खुश आहे, तिथे शाळाच चांगली. शाळेत मुलाला एक सुरक्षित जागा मिळते, एक गरम जेवण मिळतं, घरच्यांपेक्षा वेगळा एक मोठा माणूस मिळतो, हे कितीतरी मुलांसाठी फार मोठं आहे.

आणि आता ताजी बातमी. गेल्या महिन्यात जेवताना मोठी म्हणाली, "आई, मला पुढच्या वर्षी शाळेत जाऊन बघायचंय." तिला प्रयोगशाळा हवी आहे, खरी, रसायनांची, आणि संघात खेळायचंय. मला आधी घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. रात्री नवऱ्याशी बोलले तर तो म्हणाला की पाच वर्षं आपण तिला हेच सांगतोय ना, तुला काय हवं ते बघ. दोन शाळांत चौकशी केली, दोन्हीकडे प्रवेशपरीक्षा घेऊन वयानुसार वर्गात घेतात. धाकट्याने जाहीर केलंय की तो नाही जाणार, त्याचं पक्ष्यांचं रजिस्टर अर्धं राहिलंय.

मोठी सध्या मुख्याध्यापकांना विचारायच्या प्रश्नांची यादी करतेय. काल रात्री टेबलावर पडलेली बघितली. पहिला प्रश्न, प्रयोग स्वतः करायला मिळतो की बघायला. दुसरा, ग्रंथालयातून एका वेळी किती पुस्तकं मिळतात. तिसरा तिने दोनदा अधोरेखित केलाय, एखादी गोष्ट नाही कळली तर तसं वर्गात सांगितलेलं चालतं का.